पाच माणसे आणि साडेबारा टक्के

मंडळाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

गेल्या आठवड्यात इथे परदेशात, आपल्यापैकीच एका घरी जेवणानंतर वाद रंगला. एक तरुण मित्र ठामपणे म्हणाला, की दुसरे महायुद्ध झाले नसते तर पेनिसिलिन मिळाले नसते, तेव्हा प्रगतीसाठी अशा आपत्ती लागतातच. मला त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही. आज तुम्ही बोलायला उभे केलेच आहे, तर तोच वाद पुढे चालवतो.

पेनिसिलिनचा गुण अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या लक्षात आला तो १९२८ साली, लंडनमध्ये, ऐन शांततेच्या काळात. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी त्याचे औषध करून दाखवले, आणि ते मुबलक बनवण्यासाठी लागणारा पैसा व घाई सरकारांना युद्धामुळे सुचली. युद्धाने ज्ञान दिले नाही, तिजोरी उघडली. हे पेनिसिलिन युद्धाच्या नावावर जमा धरायचे असेल, तर हेन्री मोझली यांना त्याच वहीत खर्ची टाकावे लागेल. मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकाला प्रयोगाचा आधार देणारा हा शास्त्रज्ञ १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या लढाईत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला, आणि त्याच्या हातून पुढे काय घडले असते हे कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

संकटाने माणूस खडबडून जागा होतो, हे मला मान्य आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला नसता, तर शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये अवघ्या काही महिन्यांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली नसती. परंतु पटकीची लस बनवण्याचा अनुभव ते पॅरिसहूनच घेऊन आले होते. शिवाय प्लेग कोणी ठरवून आणला नव्हता. युद्ध मात्र माणसे बैठकीत बसून ठरवतात.

आता माझ्या गावाविषयी. मी नवी मुंबईतल्या नेरुळला राहतो. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. त्या पाच जणांच्या बलिदानामुळे साडेबारा टक्के मिळाले, असे आमच्याकडे म्हणतात, आणि त्यात कृतज्ञता आहे. पण माझ्यासारखा बाहेरून आलेला रहिवासी जेव्हा तेच वाक्य किंचित फिरवून ‘त्यासाठी रक्त सांडावेच लागते’ असे म्हणतो, तेव्हा न्याय वेळेवर न देणाऱ्याला तो नकळत मोकळा सोडतो. १५ जानेवारीला ती मागणी जेवढी रास्त होती, तेवढीच १८ जानेवारीला होती. गोळ्यांनी तिच्या रास्तपणात काहीच भर घातली नाही. फक्त ऐकणाऱ्यांचे कान उघडले. (आमच्या सोसायटीत हे बोललो, तर चर्चा लगेच पार्किंगकडे वळते, ही गोष्ट निराळी.)

माझी सदनिका ज्या जमिनीवर उभी आहे, ती कोणाची तरी भातशेती होती. या प्रगतीचा लाभ मला मिळाला आहे, आणि त्यामुळेच तिच्यासाठी कोणाचा मृत्यू आवश्यक होता, असे ठरवण्याचा अधिकार मला सर्वांत कमी आहे. माझा तरुण मित्र सुट्टीत मायदेशी येईल, तेव्हा मी त्याला जासईला घेऊन जाणार आहे. हाच प्रश्न त्याने तिथल्या एखाद्या घरी, जेवणानंतर, विचारून पाहावा.