रेवाडी: थंडीत दिसणारी वाफ

जानेवारीतली सकाळ. दिल्लीपासून साधारण 80 किलोमीटरवर, हरियाणातलं रेवाडी. धुकं असं की सिग्नलचा खांब दिसत नाही, नुसता लाल ठिपका दिसतो. पलीकडच्या रुळांवरून गाडी येते ती आधी कानाला कळते. डबे समोर उमटतात आणि पुन्हा धुक्यात बुडतात.

दिल्ली–रेवाडी मार्ग सुरू झाला 1873 मध्ये. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या मार्गांपैकी हा एक. इथली लोको शेड, म्हणजे इंजिनं ठेवायची आणि दुरुस्त करायची जागा, 1893 सालची. वाफेची इंजिनं गेली, शेड ओस पडली आणि 2002 मध्ये तिचं संग्रहालय झालं. पण इथं इंजिनं नुसती मांडून ठेवलेली नाहीत. ती पेटवतात, चालवतात.

गर्दी असते ती ‘फेअरी क्वीन’भोवती. इंग्लंडमधल्या लीड्स इथं 1855 साली तयार झालेलं हे छोटंसं इंजिन. आपण मात्र ‘अकबर’जवळ थांबू. डब्ल्यूपी जातीचं, बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं हे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांवरचं इंजिन. त्याचं मोठं चाक 5 फूट 7 इंचांचं. शेजारी उभं राहा, चाकाची वरची कड अनेकांच्या डोक्याइतकी उंच येईल.

थंड बॉयलर घाईनं तापवत नाहीत. लोखंड कमीजास्त फुगलं तर नळ्यांचे सांधे गळू लागतात. म्हणून आधी लाकडं आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या, मग बेताबेतानं कोळसा. फायरमन फावडं भट्टीच्या दारात नेतो, मनगटाला हलका झटका देतो आणि कोळसा नेमका मागच्या कोपऱ्यात पसरतो. ढीग झाला तर आच गुदमरते. हा झटका पुस्तकात वाचून येत नाही. जुन्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच तो हाताला लागतो. इंजिनांइतकाच हा हातही जपायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दाब चढत जातो. चौरस इंचाला 210 पौंडांच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह, जास्तीची वाफ सोडणारी झडप, उघडतो. आता त्याच्या तोंडाशी बारकाईनं बघा. पहिली वीतभर जागा रिकामीच दिसते. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. गार हवेत शिरली की तिचे बारीक थेंब होतात आणि तिथून पांढरा लोट सुरू होतो. मे महिन्याच्या उन्हात तो लगेच विरतो. आज मात्र तो छपरावर चढून धुक्यात मिसळतोय. वाफेचं इंजिन बघावं ते थंडीत, ते यासाठी.

याच रेवाडीजवळून 2021 पासून मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गावर दुमजली कंटेनरच्या गाड्या धावतात. काही तर दीड-दीड किलोमीटर लांबीच्या. हा मार्ग आखलाय आपल्या उरणच्या जेएनपीटी बंदरापर्यंत.

संध्याकाळी भट्टी रिकामी करतात. निखारे खालच्या खड्ड्यात पडतात, त्यावर पाण्याचा फवारा, एक लांब फुस्स. माणसं पांगतात. शेडमधलं एक कुत्रं येतं, खड्ड्याच्या कडेची उबदार जागा हुंगतं आणि अंग मुडपून तिथंच बसतं.