क्वाबिनच्या पाण्याखालची चार गावं

सकाळी उठलो की आधी नळ सोडायचा, पातेल्यात पाणी घ्यायचं आणि चहाचं आधण ठेवायचं, बॉस्टनच्या आसपास राहणारी आपली कितीतरी मराठी घरं रोज हेच करतात. इथलं पाणी इतकं चांगलं आहे की फिल्टर-बिल्टर काही न लावता सरळ ग्लासात घेऊन प्यावं. मीही बरीच वर्षं तसंच पीत आलो आणि हे पाणी येतं कुठून असा प्रश्नच कधी पडला नाही. मग एकदा कळलं की ते पश्चिमेला साधारण ६५ मैलांवरच्या क्वाबिन जलाशयातून येतं, आणि तो जलाशय जिथे आहे तिथे आधी चार गावं होती.

डेना, एनफिल्ड, ग्रीनविच, प्रेस्कॉट.

आज मॅसॅच्युसेट्सच्या नकाशावर ही चारही नावं गाव म्हणून नाहीत. आपल्याकडे धरणग्रस्त हा शब्द शाळकरी पोरालाही माहिती असतो, इथे मात्र शेजारीपाजारी विचारलं तर निम्म्या लोकांना ही गोष्टच माहिती नव्हती. म्हणून हा व्हिडिओ.

तर स्विफ्ट नदीचं खोरं. स्विफ्ट म्हणजे चपळ, पण नदी तशी काही फार मोठी नाही, तिचे तीन फाटे उत्तरेकडून येतात आणि खाली एक होतात, आजूबाजूला बुटक्या डोंगरांची रांग, मधे सपाट जमीन, तळी, ओढे. इथल्या मूळच्या निपमक लोकांच्या भाषेत क्वाबिनचा अर्थ सांगतात तो भरपूर पाण्याची जागा असा. म्हणजे बघा, ज्या गोष्टीसाठी खोऱ्याचं नाव पडलं त्याच गोष्टीने ते गिळलं. ग्रीनविच १७५४ चं, डेना १८०१ चं, एनफिल्ड १८१६ चं, प्रेस्कॉट १८२२ चं, म्हणजे गाव म्हणून सरकारदरबारी नोंद झाल्याची ही वर्षं. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधीपासून इथे शेती चालू होती. स्वातंत्र्याच्या लढाईनंतर कर्ज आणि कर यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी १७८६ मधे बंड केलं, त्यांचा पुढारी डॅनियल शेज हा इथलाच, शेजारच्या पेलम गावचा. आज जलाशयाच्या पश्चिम काठाने जो २०२ नंबरचा रस्ता जातो त्याला त्याचंच नाव आहे.

काय होतं या गावांत? खरं सांगायचं तर जगावेगळं काही नव्हतं आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. एनफिल्डला कापडाची गिरणी. डेनाला ताडाच्या पानांच्या हॅट विणायचं काम, ते बायका घरी बसून करायच्या. ग्रीनविचच्या तळ्यांवर हिवाळ्यात बर्फ जमला की करवतीने त्याच्या लाद्या कापायच्या आणि रेल्वेने शहरात पाठवायच्या, फ्रिज यायच्या आधी तोच धंदा होता. आणि या सगळ्यांना जोडणारी एक गाडी, ॲथॉल ते स्प्रिंगफिल्ड, ती इतकी ठिकठिकाणी थांबायची, थोडी पळायची परत थांबायची, की लोकांनी तिचं नाव ससा ठेवलं होतं. रॅबिट. एखाद्या गाडीला लोक लाडाने नाव ठेवतात तेव्हा समजायचं की ती घरातलीच झाली.

आता बॉस्टनकडे या. शहर वाढत होतं, गिरण्या वाढत होत्या, जहाजं भरून माणसं येत होती आणि पाणी पुरत नव्हतं. बॉस्टन पाण्यासाठी पश्चिमेकडे सरकत सरकतच गेलं, आधी जवळची तळी, मग वॅचुसेट जलाशय, तो बांधताना वेस्ट बॉयल्स्टनसारख्या गावांचा मोठा भाग गेलाच होता. आणि १८९५ च्या सरकारी अहवालातच लिहून ठेवलेलं होतं की पुढेमागे स्विफ्टचं खोरं घेता येईल. १८९५! पाणी सोडलं १९३९ ला. म्हणजे ४४ वर्षं. जन्मलेलं पोर म्हातारपणाकडे झुकायला लागेल इतकी वर्षं ही टांगती तलवार डोक्यावर होती.

मला वाटतं या गोष्टीतली सगळ्यात जड बाजू हीच आहे. आपण म्हणतो गाव पाण्यात बुडालं. पाणी आलं तेव्हा बुडायला गाव शिल्लकच नव्हतं, ते आधीच वाट बघण्यात संपलं होतं. तुम्हीच विचार करा, धरण होणार होणार म्हणतायत, कधी ते कोणी सांगत नाही, होईल की नाही तेही नक्की नाही, अशा वेळी कोण घराला नवीन रंग काढेल, कोण नवीन गोठा बांधेल, गावातलं घर विकत घ्यायला कोण येईल, आणि शिकलेली पोरं तरी कशाला मागे राहतील. दरवर्षी एखादं कुटुंब कमी. दुकानात गिऱ्हाईक कमी, चर्चमधे बाकं रिकामी. शेवटी १९२७ मधे कायदा झाला, तेव्हा काही लोकांना सुटल्यासारखं वाटलं असेल तर मला त्यात नवल वाटत नाही, निदान आता कळलं तरी. प्रेस्कॉट हे सगळ्यात लहान, त्यांनी तर १९२८ मधेच गावाचा कारभार पाणी कमिशनच्या हातात दिला.

शेजारच्या कनेक्टिकट राज्याने यावर केस केली, कारण स्विफ्टचं पाणी शेवटी त्यांच्याकडे जाणाऱ्या मोठ्या नदीला मिळतं. केस थेट सुप्रीम कोर्टात गेली, १९३१ मधे निकाल मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने लागला. दोन राज्यं पाण्यासाठी भांडली, पण खोऱ्यातल्या अडीच हजार माणसांच्या वतीने भांडायला तेवढ्या ताकदीचं कोणी नव्हतं. आपल्याकडे त्याच्या दहा वर्षं आधी मुळशीला सत्याग्रह झाला, सेनापती बापट उभे राहिले, धरण तरीही झालं पण निदान लोकांचा आवाज उठल्याचं आपण आजही सांगतो. इथे बहुतेक लोकांनी सही केली आणि गेले.

आता हा फोटो बघा. लाकडी घर, पुढे ओसरी, अंगणात एक झाड, आणि समोर एक पाटी उभी केलेली, पाटीवर नंबर. जमीन ताब्यात घ्यायच्या आधी कमिशनने एकेका मालमत्तेचा असा फोटो काढला, घर, कोठार, कोंबड्यांचं खुराडं, काही म्हणून सोडलं नाही. हेतू फक्त भरपाईचा हिशोब ठेवायचा होता, फोटो काढणाऱ्याला आठवण-बिठवण काही जपायची नव्हती. पण आज हेच फोटो इंटरनेटवर बघायला मिळतात आणि नातवंडं नंबरावरून आपलं घर शोधतात. तुम्ही हे फोटो बघायला बसलात तर घराकडे बघू नका, कडेला बघा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, पायरीवर ठेवलेली बादली, खिडकीतला पडदा. घर विकलंय, पैसे ठरलेत, पण धुणं रोजचं आहे.

मग एकेक गोष्ट बंद होत गेली. १९३५ मधे ससा बंद झाला, रूळ उखडले. काही घरं लोकांनी उचलून नेली, लाकडी घरं असल्यामुळे ती सुटी करून दुसरीकडे परत उभी करता येतात, त्यातली काही तर थेट व्हरमाँट राज्यात गेली. बाकीची लाकडाच्या भावात विकली नाहीतर पाडली. १९३६ मधे एनफिल्डचं मोठं चर्च जळालं.

आणि थडगी. हे सांगताना मला दर वेळी थांबायला होतं. खोऱ्यात तीसच्या वर दफनभूमी होत्या, त्यातली साडेसात हजारांहून जास्त थडगी उकरून हलवली. बहुतेक सगळी वेअर गावाजवळच्या नव्या क्वाबिन पार्क दफनभूमीत आहेत, ती खास याचसाठी केली. म्हणजे जिवंत माणसं होती अडीच हजार आणि हलवलेली मेलेली माणसं त्याच्या तिप्पट. तिथे फिरताना एक गोष्ट लक्षात येते, गवत नीट कापलेलं, रस्ते आखीव, सगळं विसाव्या शतकातलं, आणि दगड मात्र सतराशे-अठराशेचे, शेवाळलेले, अक्षरं झिजलेली. गावांची युद्धस्मारकंसुद्धा इथेच आणून ठेवलीत.

२७ एप्रिल १९३८, बुधवार. एनफिल्डच्या टाऊन हॉलमधे फायर ब्रिगेडने निरोपाचा बॉल ठेवला होता, बॉल म्हणजे बँडवर नाचायचा समारंभ. हॉलमधे पाय ठेवायला जागा नव्हती, आत मावले त्याहून जास्त लोक बाहेर उभे. चारही गावांचे लोक आले, आधीच सोडून गेलेले परत आले, बाहेरचे बघे पण आले. मॅकेनेलीचा ऑर्केस्ट्रा वाजत होता. रात्री बारा वाजले आणि संगीत थांबलं. त्या ठोक्याला, म्हणजे २८ एप्रिल लागल्या क्षणी, कायद्याने चारही गावं संपली. ऑर्केस्ट्राने ऑल्ड लँग साइन हे निरोपाचं गाणं धरलं आणि तेव्हाच्या पेपरवाल्यांनी लिहून ठेवलंय की हॉलमधे हुंदके ऐकू येत होते आणि दांडग्या बाप्यांनी रुमाल काढले होते.

मी कितीदा विचार करतो, त्या रात्री लोक घरी गेले असतील तेव्हा एकमेकांना काय म्हणाले असतील? कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण तेच, अंगण तेच, फक्त कोणी विचारलं तुम्ही कुठले, तर त्याचं उत्तर रातोरात गेलेलं.

त्यानंतरचं काम धडाक्यात झालं. समुद्रसपाटीपासून ५३० फुटांपर्यंत पाणी चढणार होतं, म्हणून त्या रेषेखालचं एकूण एक झाड तोडायचं होतं. बॉस्टनकडून वशिल्याने नोकरीला लावलेली पोरं आली, ज्यांनी आयुष्यात कुऱ्हाड धरली नव्हती, गावकऱ्यांनी त्यांना सुतारपक्षी म्हणायला सुरुवात केली. झाडं तोडायची, ढीग करायचे, पेटवायचे. दिवसच्या दिवस खोरं धुराने भरलेलं असायचं. जे अजून निघाले नव्हते ते या धुरातच राहत होते.

१४ ऑगस्ट १९३९ ला पाणी अडवायला सुरुवात झाली. विन्सर धरण अर्धा मैल लांब, नदीच्या तळापासून १७० फूट उंच. भरायला सात वर्षं लागली, २२ जून १९४६ ला पहिल्यांदा सांडव्यावरून पाणी गेलं. एकूण साठा ४१२ अब्ज गॅलन, आपल्या हिशोबात सांगायचं तर साधारण ५५ टीएमसी, कोयनेच्या निम्म्याहून थोडं जास्त.

लोक विचारतात, पाणी खाली गेलं की चर्चचा कळस दिसतो का? नाही दिसत. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला जातात, इथे तसं काही नाही, कारण इथे पाणी यायच्या आधी सगळं जमीनदोस्त केलं होतं. १९६७ मधे दुष्काळात साठा ४५ टक्क्यांवर आला तेव्हा उघडे पडले ते जुने रस्ते आणि घरांचे पाये. बस.

पण डेनाचा चौक बघता येतो, कारण तो उंचावर होता आणि पाण्याखाली गेलाच नाही. ४० नंबरच्या गेटला गाडी लावायची आणि जुन्या रस्त्याने दोनेक मैल चालायचं. दोन्ही बाजूला दगड रचून केलेली कुंपणं, त्यांच्या आत एके काळी शेत होतं, आता त्यात पन्नास-साठ फुटी झाडं. मग एकदम मोकळं गवत लागतं. घरं नाहीत. तळघरांचे खड्डे आहेत, दगडांनी बांधलेले. एका ठिकाणी तीन पायऱ्या वर जातात आणि संपतात. मी त्या चढलो. वर उभं राहिल्यावर कळतं की आपण कुणाच्या तरी दारात आलोय, आणि नकळत चपला काढाव्याशा वाटतात. मधोमध एक दगड आहे, त्यावर गावाची दोन वर्षं, १८०१ आणि १९३८, आणि ज्यांनी आपली घरं आणि जगण्याची पद्धत दिली त्यांच्यासाठी म्हणून दोन ओळी.

जलाशयाभोवतीचं जंगल सरकारने राखलंय, पाण्यात पोहायला बंदी, वस्तीला बंदी. म्हणूनच ते पाणी इतकं स्वच्छ आहे की शहराला देताना गाळावं लागत नाही, नुसतं निर्जंतुक करतात. १९८२ पासून इथे गरुडांची पिल्लं आणून सोडली, राज्यातून नाहीसे झालेले गरुड परत घरटी करायला लागले. हे फार छान झालं, मी स्वतः दुर्बिणीतून बघितलेत. पण काही जण हे असं सांगतात की जणू गावं गेली त्याची भरपाई झाली, ते मला पटत नाही. गरुड आले ते चांगलं झालं आणि माणसं गेली ते वाईट झालं, दोन्ही वेगवेगळं.

डेनाची माणसं उन्हाळ्यात त्या चौकात जमत आली आहेत, डबे घेऊन, गवतावर खुर्च्या टाकून. तिथे जन्मलेले आता जवळजवळ कोणीच उरले नाहीत, आता येतात ती त्यांची मुलं आणि नातवंडं. खड्ड्याच्या काठावर जुना फोटो हातात धरून उभी राहतात, आणि लहान पोरांना बोट करून सांगतात, इथे चूल होती, तिकडे खिडकी, आणि विहीर त्या पलीकडे.