कॉटर सरांची ढ तुकडी

ब्रुकलिनमधल्या जेम्स ब्युकॅनन हायस्कूलची सगळ्यात ढ आणि वात्रट तुकडी गेब कॉटर या नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारली जाते. हे गृहस्थ स्वतः याच शाळेतल्या असल्याच तुकडीतून बाहेर पडलेले. १९७५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या 'वेलकम बॅक, कॉटर' या मालिकेचा सगळा डोलारा एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. पोरं कोणती थाप मारणार, हे सरांना आधीच ठाऊक. तसल्या थापा त्यांच्या मारून झालेल्या!

कॉटरचं काम करणारा गेब कॅप्लन मूळचा स्टँड-अप कॉमेडियन. आपल्या शाळेतल्या टारगट पोरांवर तो रंगमंचावर किस्से सांगायचा, त्यातूनच ही मालिका निघाली. शीर्षकाच्या वेळी दिसते ती इमारतही त्याच्याच शाळेची, न्यू युट्रेक्ट हायस्कूलची.

आता हुआन एपस्टीनची चिठ्ठी बघा. (हशा) पोराची अर्धी नाळ पोर्टो रिकोची, अर्धी ज्यू. गृहपाठ केलेला नाही, म्हणून सरांच्या हातात आईची चिठ्ठी ठेवतो. सर ती गंभीर चेहऱ्याने मोठ्यांदा वाचायला लागतात आणि इकडे एपस्टीनचे ओठ त्याच शब्दांवर हलत असतात. खाली सही काय, तर 'एपस्टीनची आई'. ती कोणी लिहिली हे सरांना कळतं, वर्गाला कळतं, पण सर ती शेवटपर्यंत वाचतात. माझ्या मते अख्ख्या मालिकेत याच्याइतकं चोख काही नाही. फाडून फेकली असती, तर विनोद तिथेच मेला असता.

खरा खाष्ट माणूस म्हणजे उपमुख्याध्यापक वुडमन. ही पोरं वाया गेलेली आहेत, यावर त्याची अढळ श्रद्धा. त्याच्यासारखा सूर त्या काळी पडद्याबाहेरही होताच. बॉस्टनमध्ये गोऱ्या-काळ्या मुलांना बसने एकमेकांच्या शाळांत पाठवण्यावरून रण पेटलं होतं. तिथल्या एबीसीच्या स्थानिक केंद्राने ही मिश्र वर्गाची मालिका सुरुवातीला दाखवलीच नाही.

मग जॉन ट्रॅव्होल्टा. त्याचा विनी बार्बरिनो म्हणजे वर्गाचा दादा. १९७७ च्या शेवटी 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा त्याचा सिनेमा आला आणि दादा हॉलिवुडचा झाला. चौथ्या वर्षी तो अधूनमधून पाहुण्यासारखा उगवायचा. त्याच सुमारास कॅप्लनचं निर्मात्यांशी बिनसलं, म्हणजे कॉटरच्या मालिकेत कॉटरच दिसेनासा झाला. उरला वर्ग आणि वुडमन. चिठ्ठी द्यायची कोणाला? टोमणे तेच, पण ते झेलणारा माणूस गायब. १९७९ मध्ये मालिका आटोपली, तेव्हा वर्गातला होर्शॅक रंगवणारा रॉन पॅलिलो तिशीला टेकला होता. होर्शॅकचं तर लग्नसुद्धा लागलं, पण शाळा काही सुटली नाही.