मृगाआधीची तगमग

(दृश्य : बीड जिल्ह्यातील माळरान, मेअखेरची दुपार. नांगरून ठेवलेले रान, बांधावर एकच लिंबाचे झाड.)

रोहिणी नक्षत्र लागले आहे. नांगरट उरकली आहे, बियाण्याच्या पिशव्या उधारीवर घरात येऊन पडल्या आहेत आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेतात करण्यासारखे काहीही उरलेले नाही. ऊसतोडीवरून परतलेली कुटुंबेही या दिवसांत गावातच असतात. त्यांचे कोयते भिंतीला टेकलेले असतात आणि उचल फिटली की नाही, हे मुकादमाच्या वहीला ठाऊक असते. पत्र्याच्या घरात रात्री एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, जेवण जात नाही, कोणी साधे बोलले तरी अंगावर धावून जावेसे वाटते. ज्या घरात दारू आहे त्या घरातील बाईला विचारले, तर ती सांगते की वर्षभर थोडीबहुत असतेच, पण या महिन्यात प्रमाण राहत नाही.

ही केवळ उकाड्याची चिडचिड आहे, की तिच्यामागे आजार आहे?

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते हिवाळ्याचे नैराश्य होते. लंडनमध्ये डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. प्रकाश कमी पडला की शरीराचे झोप-जागेचे घड्याळ विस्कटते, माणूस खूप झोपतो, गोड आणि पिठूळ खातो आणि खचत जातो. त्यावर सकाळी अर्धा तास सुमारे दहा हजार लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसवण्याचा उपचार रूढ झाला. मराठवाड्यात मात्र सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो, त्यामुळे हा थंड देशांचा आजार आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे मानणे सोपे जाते. ते पुरते बरोबर नाही. १९८७ मध्ये थॉमस वेअर यांनी रोझेन्थाल यांच्यासह उन्हाळ्यात येणाऱ्या नैराश्याची नोंद केली, आणि त्याची लक्षणे हिवाळी प्रकाराच्या जवळजवळ उलट निघाली : झोप उडणे, भूक मरणे, वजन घटणे, जिवाची तगमग होणे. मराठीत तगमग हा शब्द आधीपासूनच आहे. त्याला आजाराचे लक्षण म्हणून कोणी ऐकले नव्हते, इतकेच.

(दृश्य : गावाबाहेरच्या टपरीमागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग.)

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्याच्यावर दरवर्षी त्याच ऋतूत ठरावीक संकट कोसळते, उदाहरणार्थ दर हिवाळ्यात ज्याचे काम सुटते, त्याच्या खचण्याला ‘ऋतुजन्य’ हे नाव देऊ नये, असा डॉक्टरांच्या निदानाच्या निकषांतच संकेत आहे. मराठवाड्यात तर प्रत्येक नक्षत्राला एक देणे बांधलेले आहे. जूनमध्ये पेरणीचा खर्च येतो, पाऊस ओढ देतो तेव्हा दुबार पेरणीची भीती असते, आणि २०२५च्या सप्टेंबरप्रमाणे उभे सोयाबीन पाण्याखाली जाण्याचाही एक काळ असतो. काटेकोर पाहिले तर इथल्या पुष्कळ जणांना ते नाव लागू होणार नाही. परंतु झोप उडायला नाव लागत नाही, आणि बाटली उघडायला तर मुळीच लागत नाही. शिवाय ‘हे सगळे कर्जाचे दुःख आहे’ एवढेच म्हणून थांबलो, तर ज्याच्या दुःखाचे आजारात रूपांतर झाले आहे, तो उपचारावाचून राहतो.

अमेरिकन मनोविश्लेषक एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये असे मांडले की व्यसनाकडे वळणारा माणूस बहुधा मौज शोधत नसतो, तर सहन न होणाऱ्या भावनेवर उतारा शोधत असतो. उन्हाळ्याच्या तगमगीला दारू हा उतारा वाटतो, कारण पहिल्या तासाभरात ती खरोखरच गुंगी आणते. पुढचा भाग मध्यरात्रीनंतर घडतो. दारूचा अंमल उतरू लागला की झोप तुटते, स्वप्नांची झोप अपुरी राहते, लघवीवाटे पाणी निघून गेल्यामुळे घशाला कोरड पडते आणि पहाटे तीनला माणूस पत्र्याखाली धडधडत्या छातीने बसलेला असतो. ज्या निद्रानाशासाठी तो प्यायला, तोच आता दुप्पट झालेला असतो. चाळिशीपार तापमानात अशा शरीराला उष्माघाताचा धोकाही वाढतो.

(दृश्य : श्रावणातील हिरवे शिवार. देवळाच्या ओट्यावर बसलेले पुरुष.)

आता आषाढ संपतो. आखाडाच्या शेवटच्या दिवसांत मटण आणि दारू यांची रेलचेल होते आणि मग अनेक पिणारे श्रावण पाळतात. कोणी सोमवारपुरता, कोणी पूर्ण महिना, पोळ्याच्या करीपर्यंत. शहरात या रिवाजाची थट्टा होते. महिनाभर सोडायची आणि करीला पुन्हा धरायची, याला काय अर्थ आहे, असे विचारले जाते. वैद्यकाच्या अंगाने पाहिले तर त्याला बराच अर्थ आहे. दारूमुळे आलेले नैराश्य दारू थांबल्यावर साधारण महिनाभरात निवळू लागते, आणि तसे निवळले नाही, तर ते स्वतंत्र आजार असण्याची शक्यता वाढते, असा ठोकताळा डॉक्टर वापरतात. म्हणजे श्रावण ही आपोआप मिळालेली तपासणी आहे. पोळ्याच्या सुमारास झोप परतली आहे का, पोरांशी बोलणे सुरू झाले आहे का, की दारू नसतानाही माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे, हे घरच्यांनी पाहिले आणि डॉक्टरांना सांगितले, तर निदानाचे अर्धे काम होते.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम सोडणे धोक्याचे असते. काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. याला देवाचा कोप किंवा बाहेरची बाधा समजून उंबरठे झिजवण्यात वेळ घालवू नये, रुग्णालय गाठावे. तिथे सोडवण्याची औषधे देऊन हा काळ सांभाळता येतो.

(दृश्य : जिल्हा रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. बाकावर रांगेत बसलेली माणसे.)

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की दारूच्या आजाराच्या शंभरातील पंचाऐंशीहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलाच नव्हता. राज्याची ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. २०२२च्या ऑक्टोबरपासून टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. ज्याच्या गावातून जिल्ह्याचे ठिकाण दोन बसगाड्यांवर आहे, त्याच्यासाठी ही सोय लहान नाही.

ऋतूबरोबर येणाऱ्या आजाराची एक गोष्ट उपचाराला सोयीची आहे, ती म्हणजे त्याची तारीख आधी माहीत असते. हिवाळी नैराश्य सुरू होण्याआधीच, शरद ऋतूत, द्यायच्या बुप्रोपियॉन या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, ती याच आधारावर. ते औषध स्वतःहून घेण्याचे नाही, आणि ज्याला कधी उन्मादाचा झटका आला असेल त्याने तर ती गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी. पण वेळापत्रक घेण्यासारखे आहे. ज्याची झोप दरवर्षी रोहिणीत उडते, त्याने रोहिणीची वाट पाहू नये. गुढी उतरल्यानंतरच्या आठवड्यात, डोके शांत असताना आणि घरातील माणूस सोबत असताना, गेल्या दोन-तीन वर्षांचे हे सगळे त्या बाकावर बसून सांगावे.