रस्त्याखालचं शहर

(पडद्यावर: विटांची कमान, तिच्याखालून वाहणारं काळं पाणी.)

हे लंडनचं गटार. बांधून दीडशे वर्षं उलटून गेली, तरी ते अजून वापरात आहे.

१८५८ चा उन्हाळा. शहराचा मैला थेट थेम्समध्ये जात होता आणि कित्येक घरांत पाणीही त्याच नदीचं येत होतं. दुर्गंधी इतकी, की काठावरच्या संसदेत ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. वर्षानुवर्षं रखडलेला गटारबांधणीचा कायदा मग काही आठवड्यांत संमत झाला.

मुख्य अभियंता होते जोसेफ बझलजेट. त्यांनी आखलेल्या मुख्य वाहिन्याच १३० किलोमीटरच्या आसपास भरतात. त्यासाठी कर्ज काढलं, हमी सरकारने दिली आणि फेड ४० वर्षांच्या करातून ठरली. मला यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. गटार नातवंडंही वापरणार, मग सगळा भार एकाच पिढीवर का टाकायचा?

१८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला. त्याने सर्वाधिक बळी घेतले ते पूर्व लंडनमध्ये, जिथे नवी यंत्रणा अजून जोडायची होती. खासगी गुंतवणूकदार अशा कामात आपणहून उतरत नाही, कारण न झालेल्या आजाराचं बिल कुणाला पाठवणार? तो फायदा सगळ्या शहराचा असतो, म्हणून पैसाही शहरालाच घालावा लागतो.

(पडद्यावर: थेम्सचा काठ, झाडं, वाहनं.)

हा रस्ता म्हणजे नदीत भर घालून मिळवलेली जमीन. तिच्या पोटात गटार आणि भुयारी रेल्वे, वर बागा. खोदकाम एकदाच झालं, पण त्यातून किती कामं साधली!

(पडद्यावर: डोंगरउतारावरची दाट वस्ती, वरून सरकणारे पाळणे.)

कोलंबियातलं मेडेयिन. २००४ मध्ये इथली डोंगरावरची गरीब वस्ती रोपवेने मेट्रोला जोडली गेली. पाठोपाठ वाचनालयं आणि शाळा आल्या. शहराच्या मालकीची वीज-पाणी कंपनी आपल्या नफ्यातला वाटा दरवर्षी पालिकेला देते. त्याचाही या कामांना मोठा आधार झाला.

(पडद्यावर: पुन्हा लंडन, खोल बोगदा.)

बझलजेट यांनी वाढीव लोकसंख्या धरून वाहिन्या आखल्या होत्या. शहर त्या हिशेबाच्याही पुढे गेलं. पाऊस जोराचा झाला की सांडपाणी नदीत जायचं. आता थेम्सखालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा आहे, २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झालेला. जुन्या विटांच्या वाहिन्या काढलेल्या नाहीत. त्यांच्यात मावत नाही ते पाणी हा बोगदा उचलतो.