मिथिकचं पाचवं पॅक कितीला पडतं?

[पडद्यावर: भिंतीवरचं घड्याळ, साडेबाराला दोन मिनिटं कमी. शेजारी फोन, त्यावर अरीनाचा रँक दाखवणारा पडदा.]

महिन्याचा शेवटचा दिवस आपल्याकडे सरला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र अजून त्याच दिवसाची दुपार चालू आहे, आणि ‘मॅजिक: द गॅदरिंग अरीना’ या पत्त्यांच्या डिजिटल खेळाचा रँक सीझन तिथल्या घड्याळाने दुपारी बाराला संपतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा झालेले असतात. हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की हीच वेळ दीडवर जाते.

डायमंडच्या शेवटच्या टप्प्यावर अडकलेला खेळाडू या वेळी ‘अजून एक डाव’ म्हणत जागा असतो. तो डाव जिंकून मिथिक, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग, गाठलं, तर त्याच्या पदरात काय जादा पडतं? एक पॅक. आठ पत्त्यांचं एक पॅक.

त्या पॅकची खरी किंमत काढायची आहे.

[पडद्यावर: सहा वर्गांचा तक्ता, एकेक ओळ उमटत जाते.]

आधी बक्षिसांचा तक्ता पाहू. अरीनात रँकचे सहा वर्ग आहेत. ब्रॉन्झला सीझनअखेर एक पॅक मिळतं. सिल्व्हरला एक पॅक आणि ५०० नाणी. गोल्डला दोन पॅक, १००० नाणी आणि एका पत्त्याची सजावटी आवृत्ती, म्हणजे स्टाइल. तिथून पुढे नाणी वाढतच नाहीत. प्लॅटिनमला तीन पॅक, डायमंडला चार, मिथिकला पाच. नाणी तिन्ही ठिकाणी १०००च. (खेळात या नाण्यांनाही गोल्डच म्हणतात. वर्गाशी गल्लत होऊ नये म्हणून इथे आपण त्यांना नाणी म्हणू.)

दुकानात एक पॅक १००० नाण्यांना मिळतं. या भावाने मिथिकचं बक्षीस ६००० नाण्यांचं भरतं, ब्रॉन्झचं १००० नाण्यांचं. बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘सहापट’ म्हणून खूश होतात. हिशेब इथेच चुकतो. सीझनच्या शेवटी तुम्हाला सहा हजार मिळाले हे खरं, पण त्यातले पाच हजार डायमंडला राहूनही मिळणारच होते. मोजायचं ते फक्त पुढच्या वर्गाने काय वाढवलं आणि त्यासाठी किती डाव घातले, एवढंच.

[पडद्यावर: रँकचे ठिपके. जिंकल्यावर दोन उजळतात, हरल्यावर एक विझतो.]

ब्रॉन्झ ते डायमंड, प्रत्येक वर्गात चार टप्पे आहेत. कन्स्ट्रक्टेडमध्ये, म्हणजे स्वतःची डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) आणून खेळताना, प्रत्येक टप्प्याला सहा पायऱ्या. एक वर्ग ओलांडायला अशा चोवीस पायऱ्या लागतात. एका डावाच्या सामन्यात ब्रॉन्झमध्ये जिंकलात तर दोन पायऱ्या वर, हरलात तर काहीच जात नाही. सिल्व्हर आणि गोल्डमध्ये जिंकल्यावर दोन वर, हरल्यावर एक खाली. प्लॅटिनम आणि डायमंडमध्ये मात्र जिंकल्यावर एकच वर आणि हरल्यावर एक खाली.

हा एवढासा बदल सगळं गणित फिरवतो. ब्रॉन्झमधून सिल्व्हरला जायला बारा विजय पुरतात. सिल्व्हरमध्ये शंभरातले पन्नास डाव जिंकणारा खेळाडू दर डावाला सरासरी अर्धी पायरी चढतो, म्हणून साधारण ४८ डावांत गोल्डला पोचतो. त्या चढाईची कमाई एक पॅक आणि ५०० नाणी, एकूण १५०० नाण्यांच्या मोलाची. अख्ख्या शिडीवर सगळ्यात किफायतशीर चढाई हीच. गोल्ड ते प्लॅटिनमलाही तेवढेच ४८ डाव लागतात, पण तिथे वाढ एका पॅकचीच.

प्लॅटिनमला पोचल्यावर निम्मे डाव जिंकून भागत नाही. जितक्या पायऱ्या चढाल तितक्याच उतराल. शंभरात पंचावन्न जिंकत असाल तर दर डावाला सरासरी पायरीचा दहावा भाग हाती लागतो. चोवीस पायऱ्यांना झाले २४० डाव, आणि कमाई एक पॅक. डायमंड ते मिथिक, पुन्हा २४० डाव आणि पुन्हा एकच पॅक.

[पडद्यावर: तीन रेघांचा आलेख. ६० टक्के, ५५ टक्के, ५२ टक्के.]

जिंकण्याचं प्रमाण साठ टक्के असेल तर २४० चे १२० होतात. बावन्न टक्क्यांवर घसरलं तर ६००. तीन टक्क्यांच्या घसरणीने काम अडीचपट होतं, आणि म्हणून शेवटच्या तीन रात्री जागून खेळणं महागात पडतं. झोप अपुरी असली की हल्ला चढवायचा का थांबायचं हे नीट तोललं जात नाही, डाव लवकर सोडून दिला जातो, आणि ज्या दोन-तीन टक्क्यांवर सगळं उभं असतं तेच आधी जातात. एक दिलासा आहे. एकदा गाठलेल्या वर्गातून सीझनभर खाली घसरत नाही. प्लॅटिनमला पोचलात की तीन पॅक नक्की. तिथून पुढे हरून बक्षीस कमी होत नाही, वेळ मात्र जातो.

चढायचंच ठरवलं असेल, तर तीन डावांचा सामना (आधी दोन डाव जिंकेल तो विजयी) विचारात घ्यावा. त्यात पायऱ्या दुप्पट चढतात आणि दुप्पट उतरतात. एका डावात पंचावन्न टक्के जिंकणारा तीन डावांचा सामना साडेसत्तावन्न टक्के वेळा जिंकतो. हिशेब मांडला तर सुमारे ८० सामने, म्हणजे जवळपास २०० डाव. चाळीस डाव वाचले. शिवाय साइडबोर्डमधले, म्हणजे डेकबाहेर राखून ठेवलेले, पत्ते समोरच्याची डेक ओळखून बदलता येतात, त्याचा फायदा या आकड्यात धरलेलाच नाही.

[पडद्यावर: रोजच्या विजयांची पट्टी. २५०, १००, १००, १००.]

आता हेच डाव दुसरीकडे काय देतात ते बघू. दिवसाच्या पहिल्या विजयाला २५० नाणी, पुढच्या तीन विजयांना शंभर-शंभर. चार विजयांत ५५०. पाचव्यापासून रक्कम पंचविसावर येते. त्याशिवाय रोज एक मोहीम मिळते, ५०० किंवा ७५० नाण्यांची. अशा तीन मोहिमा साठून राहतात आणि दिवसातून एक बदलता येते. पाचशेची आली तर बदलून पाहावी, सातशे पन्नासची आली की तीच ठेवावी.

पंचावन्न टक्के जिंकणाऱ्याला चार विजयांसाठी सात-आठ डाव लागतात. महिनाभर रोज एवढंच खेळलं तर दोनशेच्या वर डाव होतात आणि १६,५०० नाणी नुसत्या विजयांची. हे डाव रँकमध्येच खेळलेले असल्यामुळे शिडीही आपोआप चढली जाते. आमच्या मते रँकचं बक्षीस मोजायची खरी रीत ही: रोजचे चार विजय जिथे नेऊन सोडतील तो वर्ग फुकटात मिळाला असं समजावं. त्याच्या पुढचा प्रत्येक डाव दिवसाच्या पाचव्या विजयासाठी आहे, आणि त्याचा भाव जिंकलात तर पंचवीस नाणी, अधिक त्या एका पॅकचा दोनशे चाळिसावा भाग, म्हणजे चार नाणी आणि वर थोडं.

मिथिकला याहून वेगळं मोल आहे ते स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. सीझन संपताना मिथिकमध्ये अगदी वरच्या क्रमांकांवर असलेल्यांना पात्रता स्पर्धेचं निमंत्रण मिळतं. तिथे जायचं असेल तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवावा. नुसतं मिथिक गाठून मात्र ते निमंत्रण येत नाही.

[पडद्यावर: पॅक उघडतं. पाच कॉमन, दोन अनकॉमन, एक रेअर.]

पॅक म्हणजे दुकानात किती नाणी, हेही अर्धंच उत्तर. पॅकच्या पोटात एक रेअर किंवा मिथिक पत्ता, दोन अनकॉमन आणि पाच कॉमन असतात. (ही पत्त्यांच्या दुर्मीळपणाची नावं; इथला मिथिक म्हणजे सगळ्यात दुर्मीळ पत्ता, रँकचा वर्ग नव्हे.) शिवाय दर सहा पॅकांमागे चक्र पूर्ण होऊन एक रेअर वाइल्डकार्ड मिळतं, पाचव्या फेरीला त्याच्या जागी मिथिक. वाइल्डकार्ड म्हणजे हवा तो पत्ता, म्हणून डेक बांधणाऱ्याला तेच सगळ्यात मोलाचं. मिथिक वर्गाची पाच पॅकं उघडून चक्राची एक फेरीसुद्धा भरत नाही.

पॅक उघडण्याची वेळही किंमत बदलते. पॅकमधला रेअर पत्ता तुमच्याकडे आधीच चार प्रती असलेला निघत नाही, त्या सेटमधले, म्हणजे एकत्र निघालेल्या पत्त्यांच्या मालिकेतले, सगळे रेअर पुरे होईपर्यंत. ड्राफ्टमध्ये, म्हणजे समोर आलेल्या पॅकांतून एकेक पत्ता निवडून डेक बांधायच्या प्रकारात, ही सोय नाही. तिथे पाचवी प्रत आली की तिचे २० जेम (खेळातलं दुसरं चलन) होतात, मिथिक पत्त्याचे ४०. त्यामुळे ड्राफ्ट खेळणाऱ्याने बक्षिसाची पॅकं न उघडता साठवावीत, आधी ड्राफ्ट खेळून घ्यावेत आणि सेटच्या शेवटी सगळी एकदम उघडावीत. ती कालबाह्य होत नाहीत. डेक आजच पुरी करायची असेल तर अर्थात लगेच उघडावीत.

१००० नाणी म्हणजे क्विक ड्राफ्टच्या ५००० प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा. तिथे तीन विजयांवर ३०० जेम, किमान एक पॅक, आणि निवडलेले सगळे पत्ते आपलेच. ड्राफ्ट आवडत असेल तर नाणी इथे लावावीत, पॅक विकत घेण्यात नाही. ड्राफ्टची रँक शिडी वेगळी आहे आणि तिचं बक्षीसही वेगळं मिळतं. महिन्यात दोन-तीन ड्राफ्ट होत असतील तर ते विसरू नये. स्टाइल दिसायला छान, पण मूळ पत्ता हाती नसेल तर तिच्याने डेक पुढे सरकत नाही. हिशेबात आम्ही तिला शून्य धरतो.

[पडद्यावर: मास्टरी पासची लांब पट्टी.]

मास्टरी पास म्हणजे खेळत पातळ्या चढल्यावर मिळणाऱ्या बक्षिसांचा विकतचा पास. त्याचा सीझन याहून निराळा. तो महिन्याचा नसतो, नव्या सेटबरोबर सुरू होतो. किंमत ३४०० जेम, म्हणजे १९.९९ डॉलरला मिळणाऱ्या जेमइतकी. एक पातळी चढायला १००० अनुभवगुण लागतात. रोजच्या मोहिमेचे ५०० आणि आठवड्यातल्या पहिल्या पंधरा विजयांचे अडीचशे-अडीचशे धरले, तर आठवड्याला ७,२५० गुण, सात पातळ्या. यात अडकतात ते पहिल्याच दिवशी पास घेऊन मग महिनाभर न फिरकणारे. पास उशिरा घेतला तरी तोवर चढलेल्या सगळ्या पातळ्यांची बक्षिसं एकदम मिळतात. म्हणून आधी फुकट खेळावं आणि शेवटच्या आठवड्यात पट्टी उघडून आपण कुठवर आलो ते पाहावं. घ्यायचा तर तेव्हा घ्यावा, पण मुदतीच्या आदल्या दिवशीच. मुदतीची वेळ अमेरिकेच्या घड्याळाने लिहिलेली असते.