केसपेपरवर न लिहिलेलं दुखणं

श्रोतेहो, नमस्कार.

बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. समोर आलेल्या केसपेपरवर तक्रारी ठरलेल्या असतात. अंग दुखतं, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, जेवण जात नाही, झोप लागत नाही. बायकांच्या कागदावर ‘अंगावरून पांढरं जातं’ हेही बऱ्याचदा असतं. अशा तक्रारींमागे पुष्कळदा दोन आजार असतात, नैराश्य आणि चिंता. डॉक्टर म्हणून मला आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत कुणी येत नाही. ‘डॉक्टर, अशक्तपणा फार आलाय, एक सलाईन लावा’ असं म्हणत येतात. सलाईन लागतं, ताकदीची सुई होते, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग दुसरा डॉक्टर, मग तालुक्याला जाऊन सोनोग्राफी, ईसीजी. रिपोर्टांनी पिशवी भरते आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. तेव्हा घरचे म्हणतात, ‘काही झालेलं नाही, नुसती सोंगं आहेत.’ हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. चिंतेच्या आजारात शरीर सतत सावध राहतं. मानेचे, खांद्यांचे स्नायू आखडून डोकं दुखतं. श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. नैराश्यात झोप आणि भूक बिघडते, शिवाय वेदना एरवीपेक्षा जास्त जाणवतात. यातलं काहीही सोंग नसतं.

पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर गोव्यात एक मोठा अभ्यास झाला. १८ ते ५० वयाच्या बायकांना प्रश्न विचारले, तपासण्याही केल्या. या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट निघाला. म्हणून तपासणी करू नये असं मी म्हणत नाही. संसर्ग, रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर हे आधी पाहायलाच हवं. पण तेवढं पाहून थांबायचं नाही.

पुढं विचारायला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत, कामात किंवा आवडीच्या गोष्टीत मन लागेनासं झालंय का? आणि उदास, हताश वाटत राहतं का? उत्तर ‘हो, बरेच दिवस’ असं आलं, तर नीट बसून सविस्तर बोलायचं.

एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पाठदुखीसाठी त्या पुन्हा पुन्हा येत होत्या. मी म्हटलं, ‘ताई, हौसेनं काही केलंत असं अलीकडं कधी झालं?’ त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पंचमीला माहेरी गेले होते. झोका बांधला होता. बसावंसंच वाटलं नाही बघा.’ आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या पाठीचा एक्स-रे आधीच झाला होता, पण हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पुरुषांच्या बाबतीत हेच पुष्कळदा दारूआड लपतं. चिडचिड वाढते, माणूस घुम्यासारखा बसून राहतो, घरचे दारूलाच बोल लावतात. अशा घरात एक गोष्ट आजच करा. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. आणि मनात जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला हलकं वाटतं. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

उपचाराला मोठ्या शहरातच जावं लागतं, असा समज आहे. पण गोव्यात ‘संगाथ’ संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २४ दवाखान्यांमध्ये वेगळा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. आजार समजावून सांगायचा, धीर द्यायचा, पाठपुरावा ठेवायचा, हे त्यांचं काम. गरजेप्रमाणे गोळ्या डॉक्टर द्यायचे. २०१० साली निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत हा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोक सहा महिन्यांत बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के. मला यातली साधेपणाची बाजू फार महत्त्वाची वाटते. प्रशिक्षण दिलं तर हे काम आपल्या आशाताईंनाही जमेल, असं मला मनापासून वाटतं. तरीही राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आजार असलेल्या शंभरांतल्या ऐंशीहून जास्त लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं.

आता गोळ्यांविषयी. नैराश्याच्या गोळीनं पहिले दोन-तीन आठवडे फारसा फरक पडत नाही. सुरुवातीला मळमळतंही. नेमकं इथंच लोक गोळी सोडतात. नका सोडू. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची. त्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, शेजारणीच्या पाकिटातल्या तर नकोच.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा अंगदुखीबरोबर ‘मन लागत नाही’ हेही सांगा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मागं रांग असेल, खोलीत चार माणसं असतील, त्यांच्यासमोर बोलायचा संकोच वाटेल. तर ‘मला एकटीला बोलायचंय’ एवढंच म्हणा. सासूबाईंना, नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसवणं हे आमचं काम आहे.

नमस्कार.